गॅलरीतली शेती: नवशिक्यांसाठी सूचना

बी आणण्याआधी, माती आणण्याआधी, शेजाऱ्यांना सांगावे. ‘यंदा आम्ही घरचीच भाजी खाणार’ हे वाक्य एकदा जिन्यात बोलून झाले की माघार घेता येत नाही. नवशिक्याला जी चिकाटी लागते ती पुस्तकातून येत नाही, या लाजेतून येते. मी मे महिन्यात चार मजल्यांना सांगून ठेवले होते.

मग माती विकत आणावी. माती विकत मिळते, हे ऐकून आमच्या सासूबाई (माहेर साताऱ्याकडचे, काळ्या रानातले) बराच वेळ काही बोलल्या नाहीत. एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजली की साठ-सत्तर लिटर होते. ही माहिती मी वीट बाथरूममधल्या बादलीत टाकल्यानंतर वाचली. तुम्ही आधी वाचा.

कुंडीला खाली छिद्रे हवीत. नसली तर मुळे कुजतात. असली तर खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे भिजतात. आपल्याला कोणते नुकसान परवडते ते ज्याचे त्याने ठरवावे.

सुरुवात मेथीने करावी, कारण मेथी कोणालाही येते. डब्यातले दाणे रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार दिवसांत कोंब वर. या काळात इतरांना शेतीविषयक सल्ले देण्याची इच्छा होते. ती आवरावी. पंचवीस दिवसांनी कुंडीभर मेथी निवडून, चिरून कढईत पडली की तिची एक वाटी होते. मंडईतली जुडी महाग असे आमच्या घरात त्या दिवसापासून कोणी म्हणत नाही.

कोथिंबीर हा पुढचा धडा. धणा अख्खा पेरू नये. वाटीच्या बुडाने हलके रगडून त्याची दोन शकले करावीत, प्रत्येकात एक बी असते. आठ-दहा दिवस लागतात. मी पाचव्या दिवशी उकरून पाहिले. उकरून पाहिलेली कोथिंबीर उगवत नाही.

मिरचीची पाने फुलकिड्यांमुळे आकसून वर वळली की त्याला बोकड्या म्हणतात. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि चार थेंब द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारावे. फुलकिडे किती गेले ते सांगता येत नाही, घरातली माणसे मात्र गॅलरीत फिरकेनाशी होतात.

आता दुधी. वेल ग्रिलवर चढतो, पांढरी फुले येतात, आपण फोटो पाठवतो, आणि फुले गळतात. पुन्हा येतात, पुन्हा गळतात. पहिले पंधरा दिवस लांब दांड्यांवर येतात ती सगळी नर फुले, हे मला कोणी सांगितले नव्हते. मादी फूल ओळखायला सोपे: त्याच्या बुडाशी करंगळीच्या पेराएवढा, लव असलेला दुधी आधीच असतो. फुले संध्याकाळी उमलतात आणि रात्री पतंग परागीकरण करतात. चौथ्या मजल्यावर पतंग येतीलच असा भरवसा नसतो, म्हणून ते काम मालकाकडे येते. नर फूल खुडावे, पाकळ्या काढाव्यात, पिवळी भुकटी मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवावी. मी हे सात वाजता, दातांत टॉर्च धरून करत असताना समोरच्या इमारतीतल्या काकांनी गॅलरीतला दिवा लावून नीट पाहिले. चार दिवसांत बारका दुधी पिवळा पडून गळाला तर समजावे, स्थळ जमले नाही. माझी पाच मोडली, सहावे जमले.

पंधरा दिवसांनी नख लावून बघावे. सहज रुतले तर दुधी कोवळा. कापल्यावर कच्ची फोड जिभेला लावावी. कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्यावा, जीव कितीही तुटला तरी. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावली आहेत. एवढी एक सूचना थट्टेवारी नेऊ नये.

आमचा गोड निघाला. आमच्याकडे दुधीची भाजी कोणी खात नाही, म्हणून हलवा केला आणि मे महिन्यात ज्यांना ज्यांना सांगितले होते त्यांच्याकडे न्यायला निघालो. दुसऱ्या मजल्यावरच संपला.