पिसं लागलेला माणूस

हा माणूस तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या कुत्र्याकडे बघतो. कुत्रा नसेल तर मांजराकडे, आणि तेही नसेल तर गालिच्याच्या सुटलेल्या धाग्याकडे. पेन्सिल्व्हेनियात ज्या गावाच्या कडेनं ट्राउट माशांची थंडगार नदी वाहते, तिथे हा असायचाच. वय साठीच्या पुढे, चष्म्यावर आणखी एक भिंग चढवलेलं, स्वेटरला कुणाची तरी पिसं चिकटलेली. तळघरात टेबलाच्या कडेला छोटासा शेगडा आवळलेला असतो, शेगड्यात गळ, आणि त्या गळावर रेशमी दोरा गुंडाळत हा माशी बांधत बसतो. घरमाशी नव्हे, मेफ्लाय. ती नदीच्या तळाशी वाढते, पंख फुटायला वर येते आणि ट्राउटच्या तोंडी जाते. तिची पिसाकेसांची नक्कल करायची आणि ट्राउटला चकवायचं, एवढाच मूळ हेतू.

त्या हेतूचं पुढे काय झालं, ते तळघर पाहिल्यावर कळतं.

दुकानात तयार माशी दोन-तीन डॉलरला मिळते, घरी बांधली तर कितीतरी स्वस्त पडते, असं त्यानं कधीकाळी बायकोला पटवलेलं असतं. मग येतं कोंबड्याच्या मानेचं पिसांसकट कातडं. चांगल्यातलं घ्यायचं म्हटलं तर शंभर डॉलरच्या आसपास. स्वस्त कोंबडा चालत नाही. पिसाचे तंतू ताठ असतील तरच ते पाण्यावर टेकतात आणि माशी तरंगते. लेचापेचा कोंबडा सरळ बुडतो. म्हणून कोलोरॅडोत खास पिसांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून कोंबडे वाढवतात. 2011 मध्ये अमेरिकेतल्या पोरींना हीच लांब पिसं केसांत माळायची लहर आली, सलूनवाल्यांनी दुकानं धुऊन नेली आणि भाव आभाळाला भिडले. त्या वर्षाचा विषय अजूनही त्याच्यासमोर काढू नये.

कोंबड्यानंतर हरीण. हरणाचा केस आतून पोकळ, म्हणून तरंगतो. मग सशाच्या कानाची लव. मग बदकाच्या शेपटीच्या मुळाशी, तेलाच्या ग्रंथीभोवती असतात ती पिसं, कारण त्यांना पाणी सहज लागत नाही. रस्त्याकडेला मेलेलं हरीण दिसलं की आपण हळहळतो. हा गाडी बाजूला घेतो, सरकारी कचेरीत फोन लावून रीतसर परवाना मागतो आणि हातमोजे चढवतो. पण अंगणात रॉबिनचं पीस पडलेलं दिसलं की हात खिशात! स्थलांतरी पक्ष्यांचं गळून पडलेलं पीससुद्धा जवळ ठेवायला 1918 च्या कायद्यानं मनाई आहे, आणि त्यातली बारीक कलमं याला वकिलापेक्षा चोख ठाऊक असतात.

नवं पीस घरात आलं की आधी फ्रीझरमध्ये जातं, नाहीतर त्याच्याबरोबर आलेली कसर सगळा संग्रह फस्त करते. त्यामुळे याच्याकडे आइसक्रीम काढताना वाचून काढावं.

भिंतीवर फोटो बायकोमुलांचा नसतो, मेगन बॉइडचा असतो. स्कॉटलंडमध्ये ब्रोराजवळच्या एका झोपडीवजा घरात या बाईनं जन्मभर सामन माशांसाठी माश्या बांधल्या, पण स्वतः कधी सामन धरला नाही. 1971 मध्ये तिला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं, तेव्हा कुत्र्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून ती सोहळ्याला गेली नाही. हा हे भरल्या गळ्यानं सांगतो. मला आपली शंका येते, की त्या कुत्र्याचे केस चांगले असणार.

दिवाळीला आम्ही असा एक माशीवाला जेवायला बोलावला. आल्या आल्या तो देव्हाऱ्यासमोर जाऊन खिळून उभा राहिला. बायको भारावली. तो तिथल्या मोरपिसाचे तंतू मोजत होता. मधल्या डोळ्याजवळच्या तंतूवरची लव खरवडली की आत दुरंगी पट्टा निघतो, आणि तो गळावर गुंडाळला की मेफ्लायचं वळ्यावळ्यांचं पोट हुबेहूब जमतं. भारतातून मोरपिसं बाहेर न्यायला बंदी आहे हे त्यानंच आम्हाला सांगितलं, आणि आमच्याकडे चोर सापडल्यासारखं पाहिलं. पीस इथल्याच एका शेतावरच्या मोराचं, हे कळल्यावर त्यानं त्या शेताचा पत्ता उतरवून घेतला.

जेवताना त्यानं एका जुन्या इंग्लिश माशीची कथा लावली. डेव्हनमधल्या ऑस्टिन नावाच्या गृहस्थानं ती विसाव्या शतकाच्या तोंडाशी काढली. तिला लागणारी लोकर एडक्याच्या ज्या भागावरची, तो पंगतीत सांगण्यासारखा नाही. त्यानं सांगितला. श्रीखंडाची वाटी बायकोनं खाली ठेवली.

मग तो माझ्याकडे वळला. राखाडी रानकोंबडा तुमच्या सह्याद्रीतला ना? त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत पिवळट ठिपके असतात, आणि व्हिक्टोरियन काळातल्या भपकेबाज माश्यांच्या गालांवर हीच पिसं बसवत. मी म्हटलं, कोयनेच्या जंगलात त्याची बांग ऐकलीय. आणि मान? मान नाही पाहिली, आम्ही ट्रेकला गेलो होतो. एवढं आयुष्य सह्याद्रीत फुकट घालवलेला माणूस त्यानं बहुधा प्रथमच पाहिला असावा.

तेवढ्यात त्याची नजर बायकोच्या पदरावर गेली. पैठणीची जर. चपटी की गोल? आत दोरा रेशमाचा की सुती? काळी पडते का?

"खरी असेल तर पडते," बायको म्हणाली आणि आत जाऊन जुन्या, विरलेल्या पैठणीचे काठ घेऊन आली. त्यानं भिंग लावलं. हात थरथरत होते. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून त्यानं टेबलावर ठेवली. आत खारीची अख्खी शेपटी.

बायकोनं काठांची घडी परत हातात घेतली. पुण्यात असताना तिनं एकेका पातेल्यासाठी बोहारणीला उन्हात तास-तास उभं केलंय.

"एका शेपटीत नाही जमायचं," ती म्हणाली. "फ्रीझरमध्ये आणखी काय आहे?"