न्हाणीघराचा बंदोबस्त

मु. लंडन

ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र पावले. मुलांची प्रकृती, येथली थंडी आणि साजूक तुपाची उपलब्धता या विषयांवरील तुझ्या प्रश्नांना तुझ्या सुनेने स्वतंत्र पत्री उत्तर दिले असल्यामुळे माझ्या वाट्याला न्हाणीघराचे खाते तेवढे उरले आहे, आणि त्याचा अहवाल सादर करणे मला क्रमप्राप्त आहे.

येथले पाणी थेम्स व ली या नद्यांतून आणि खडूच्या खडकांच्या पोटातून येते. पिण्यास ते निर्धोक खरे, परंतु येताना चुनखडीचा एवढा ऐवज सोबत आणते की, किटलीच्या तळाशी, फवाऱ्याच्या छिद्रांत आणि नळांच्या तोंडाशी पांढरी पुटे चढतात, आणि साबणाशी गाठ पडताच फेसाऐवजी टबाच्या कडेने एक करडी, मेणचट रेघ तेवढी पदरात पडते. ही पुटे काढणाऱ्या बाजारी द्रावणाच्या उग्र वासाने धाकटीला ठसका लागला, त्याच दिवशी ती बाटली सूनबाईंच्या हुकुमाने हद्दपार झाली आणि स्वयंपाकघरातल्या जिनसांवरच काम भागविण्याचे फर्मान निघाले.

तेव्हापासून पांढरे व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन त्यात जुन्या पंच्याची चिंधी भिजवावी, ती नळाला दुखऱ्या बोटासारखी गुंडाळावी आणि तासाभराने सोडून टूथब्रशने घासावे, असा विधी या घरी रूढ झाला आहे. तांब्याच्या बंबाला तू चिंच चोळीत असस, त्याच शास्त्राची ही विलायती शाखा होय; अम्लाने चुना विरघळतो आणि नळात पाहून दाढी करावी असे तेज चढते. टबाच्या रेघेला मात्र ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन घासावे लागते. घरभर जो वास दरवळतो, त्यामुळे तळलेल्या बटाट्यांवर व्हिनेगर शिंपडून खाणारे येथले पाहुणे विनाकारण आशेने बसून राहतात, त्याला इलाज नाही.

शेजारच्या आजीबाईंचा आणि आपल्या थोरल्या चिरंजीवांचा आग्रह असा की, सोडा व व्हिनेगर एकत्रच ओतावे, कारण फेस डोंगराएवढा उसळतो. दोघांनी परस्परांचा निकाल लावल्यावर मागे एका निरुपद्रवी लवणाचे पाणी तेवढे उरते, हे मी परोपरीने निवेदन केले. परंतु फेस दिसला म्हणजे मळ गेला, या सिद्धांतापुढे रसायनशास्त्राची डाळ शिजत नाही. ब्लीच आणि व्हिनेगर यांची भेट मात्र मी कदापि होऊ देत नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि तेथे कोणाचाही अर्ज मंजूर होत नाही.

बोअरच्या पाण्याने पांढरे पडलेले मामांचे नळ व्हिनेगर-पाण्याच्या उपायाने खुशाल उजळावेत. आपल्या मोरीतल्या शहाबादी फरशीवर मात्र व्हिनेगरचा थेंबही पडू देऊ नकोस; ती फरशी जातीने चुनखडकच असल्यामुळे मळाबरोबर तीही झिजेल. तिला आपले रिठ्याचे पाणीच बरे.

कळावे, हे विनंती.

तुझा,
बाळ