सध्या काय वाचताय?

कादंबरीवेड्यांच्या कट्ट्यावर हा प्रश्न आला की माणसं सावरून बसतात. आवडती कादंबरी? ‘कोसला’. १९६३पासून उत्तर ठरलेलंच आहे. तिच्या नायकाचं, पांडुरंग सांगवीकरचं, शेवटी काय झालं, एवढं मात्र विचारू नये. ‘सध्या’च्या रकान्यात ‘हिंदू’. ती २०१० साली आली, तेव्हापासून सध्याच चालू आहे. खूण अजून पहिल्या पन्नास पानांतच. सुहास शिरवळकर रात्री दोनपर्यंत जागून संपवलेले असतात, पण चारचौघांत ‘कॉलेजात असताना वाचायचो’ एवढंच म्हणायचं. आणि बाबूराव अर्नाळकर? छे, ते तर कुणीच वाचले नाहीत! मग त्यांच्या हजारावर रहस्यकथा खपल्या कशा, याचा छडा आता त्यांच्याच नायकानं, झुंजारनंच लावावा.