ओलीवर स्टिकर

गणपती महिना-दीड महिन्यावर आले की घराघरांत फरशीकडे लक्ष जातं. कुठे डाग, कुठे तडा, चार माणसं येणार तर हे दिसायला नको. मग मोबाइलवर तो व्हिडिओ सापडतो: मागचा कागद ओढा, टाइल ठेवा, तळहाताने दाबा, पुढची घ्या. गवंडी नको, सिमेंट नको, पोत्यांत भरलेला राडारोडा नको. दुपारी हात घातला तर दिवेलागणीपर्यंत खोली नवी. आणि हे सगळं आपण करतो कधी? आषाढ-श्रावणात. वर्षभरात जमीन सगळ्यात जास्त पाणी प्यायलेली असते नेमकी तेव्हा.

ही स्टिकर टाइल म्हणजे दीड-दोन मिलिमीटर जाडीचं पीव्हीसी. वर लाकडाची किंवा संगमरवराची छापील नक्षी, तिच्यावर पारदर्शक थर, खाली गोंद. हा गोंद सिमेंटसारखा वाळून दगड होत नाही. तो शेवटपर्यंत चिकटच राहतो आणि दाबाने धरून ठेवतो. त्याला खाली कोरडी, सपाट, तेलाचा हात न लागलेली फरशी हवी. धूळ असली तर तो धुळीला चिकटतो. ओल असली तर थोडे दिवस धरतो आणि सोडून देतो.

खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं. टाइल वॉटरप्रूफ असते, मान्य. सांधे मात्र वॉटरप्रूफ नसतात. दहा बाय बाराच्या खोलीचा हिशोब करू. एक फुटी टाइल्स 120 लागतात. त्यांच्यामधल्या सांध्यांची लांबी जोडली तर 218 फूट भरते, भिंतीकडच्या कडा वेगळ्याच. या 218 फुटांत गोंदाशिवाय पाणी अडवणारं काही नाही. विकणाऱ्याने हा आकडा खोक्यावर छापावा, मग खुशाल वॉटरप्रूफ म्हणावं.

वरून येणारं पाणी तरी पुसता येतं. खालून येणारं दिसतसुद्धा नाही. आपल्याकडची जुनी तळमजल्याची घरं, वाडे, चाळीतल्या खालच्या खोल्या, कोकणातली घरं यांची जमीन मुरूम-दगडाच्या भरावावर बसवलेली आहे. ओल रोखणारा थर त्या भरावात बहुतेक ठिकाणी घातलेलाच नाही. जमिनीतलं पाणी बारीक छिद्रांतून वर चढतं, शहाबादी लाद्यांच्या दरजांतून हळूहळू हवेत जातं, आणि उन्हाळ्यात घर पुन्हा सुकतं. घराची ही जुनी व्यवस्था आहे. तिच्यावर आपण भिंतीपासून भिंतीपर्यंत प्लास्टिक चिकटवतो. पाणी चढायचं थांबत नाही, त्याची वाट तेवढी बंद होते. मग ते गोंद सोडवतं. येताना सिमेंटमधले क्षार घेऊन येतं आणि गोंदाचा चिखल करतं. उरलेलं कडेकडेने भिंतीत शिरतं. पुढच्या वर्षी भिंतीच्या तळाशी पोपडे दिसले की आपण रंगाऱ्याला बोलावतो. रंगाऱ्याचं तिथे काही काम नसतं.

फ्लॅटमध्ये प्रकार वेगळा, परिणाम तोच. बाथरूमच्या भिंतीलगतची फरशी काळवंडत असेल, तिथले सांधे सतत ओले राहत असतील, तर आतलं वॉटरप्रूफिंग गेलं आहे किंवा पाइप झिरपतो आहे. घर आपल्याला सांगत असतं. त्यावर स्टिकर लावणं म्हणजे घराच्या तोंडावर हात ठेवणं. ती गळती मग खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छतात उगवते, आणि सोसायटीच्या सभेत दोन घरांचं बोलणं बंद होतं. आधी प्लंबर बोलवा. टाइल त्यानंतर.

ज्याचा मला खरा राग येतो ती गोष्ट पुढची आहे. भाड्याचं घर रिकामं झालं, जमिनीला ओल आहे, दुरुस्तीला खर्च येणार. मालक काय करतो? मे महिन्यात चकचकीत स्टिकर टाइल्स लावून घेतो, फोटो काढतो, ‘नवीन फ्लोअरिंग’ म्हणून जाहिरात देतो आणि अकरा महिन्यांचा करार करतो. जुलैत भाडेकरूच्या गादीखाली वास यायला लागतो. मूल शिंकत असतं, कपाटाखाली बुरशी. आणि घर सोडताना ‘टाइल्स तुम्ही खराब केल्यात’ म्हणून अनामत रकमेतून पैसे कापले जातात. ही फसवणूक आहे, तिला दुसरं नाव नाही. म्हणून घर बघायला जाल तेव्हा नुसतं वर बघून ‘छान उजेड आहे’ म्हणू नका. खाली बसा. कोपऱ्यातली, बाथरूमच्या दाराजवळची टाइल अंगठ्याने दाबा. उचलली जाते का, वास येतो का, भिंतीचा तळ फुगलाय का, पाहा. फरशीचे फोटो पहिल्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा.

या टाइल्स वाईट नाहीत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला मालक फरशी बदलू देणार नाही, तिच्याकडे तेवढे पैसेही नाहीत, आणि तिलाही आपली खोली आपली वाटावी असा हक्क आहे. वरच्या मजल्यावरची, कोरडी, ठणठणीत सिरॅमिक फरशी असेल तर जरूर लावा. पातळ असल्याने दरवाजाही घासावा लागत नाही. पण मग नीट लावा. शहाबादी, कोटा किंवा सिमेंटची जमीन असेल तर आधी जाड पारदर्शक प्लास्टिकचा दोन फुटी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर बंद करून एक पूर्ण दिवस-रात्र ठेवा. आतून थेंब धरले किंवा खालची जमीन काळपट झाली की विषय संपला. जमीन कोरडी निघाली तर सांधे भरून सपाट करा, नाहीतर जुन्या लाद्यांच्या रेघा महिन्याभरात नव्या टाइलवर उमटतात. टाइल्स एक-दोन दिवस त्याच खोलीत उघड्या ठेवा. सुरुवात खोलीच्या मध्यावर दोरी मारून करा, भिंतीपासून करू नका; भिंती काटकोनात असतात हा बिल्डरचा दावा आहे. दहा टक्के टाइल्स जास्त आणा, कापण्यात जातात.

आणि स्वयंपाकघराचा मोह टाळा. आपण फरशी बादलीभर पाणी ओतून, खराट्याने घासून धुणारी माणसं आहोत. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो आणि तो आपण तळाच्या कड्यावर फिरवत नेतो. त्या कड्यापुढे दोन मिलिमीटरचं पीव्हीसी टिकत नाही. गरम कुकर जमिनीवर टेकवला की डाग कायमचा. देवघरापुढे पेटत्या कापराचा एक तुकडा पडला तरी तेच. रबरी तळाचं पायपुसणं ठेवलं तर त्याखाली पिवळा चट्टा उठतो, तो निघत नाही.

मोझेकवाल्यांना मात्र हात जोडून विनंती. जुन्या इमारतींत मोझेक आहे, रंगीत नक्षीच्या सिमेंट टाइल्स आहेत. मुंबईत अशा टाइल्स बनवणाऱ्या भारत टाइल्स कंपनीचं काम 1922 पासूनचं. अशा फरश्या पिढ्यानपिढ्या पायांखाली राहून गुळगुळीत झाल्या आहेत. मोझेक कळकट दिसतं कारण त्याला वर्षानुवर्षं पॉलिश मारलेलं नाही. मशीन लावणारा कारागीर बोलवा, घरात दोन दिवस चिखल होईल, आणि खालून निघेल ती फरशी तुमच्या नातवंडांनाही पुरेल. तिच्यावर गोंद चिकटवू नका. तो गोंद पुढे काढायला लोक अ‍ॅसिड ओततात. शहाबादी, कोटा हे चुनखडीचे दगड, मोझेकमध्येही संगमरवराची खडी. अ‍ॅसिड त्यांना खातं, आणि मग खरंच काही वाचत नाही. आधीच चिकटवलं असेल तर हेअर ड्रायरने टाइल गरम करून हळूहळू उचला. उरलेल्या गोंदाला टर्पेंटाइन चालतं. तेव्हा खिडक्या सताड उघड्या, गॅस आणि देवापुढचा दिवा बंद.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुटलेल्या टाइलची कड उचलली जाते ती जेमतेम नखाएवढी. तुम्ही-आम्ही ती ओलांडून जातो. पाय घासत चालणारी आजी रात्री बाथरूमला उठते, तेव्हा तिचं बोट त्याच कडेत अडकतं. किंवा सैल टाइल खालच्या ओलीवर सरकते आणि आजोबा सरळ खाली येतात. त्या वयात खुब्याचं हाड मोडलं की पुष्कळदा माणूस पुन्हा पूर्वीसारखा चालत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत, पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर सुटलेली एक जरी टाइल असेल तर ती परत चिकटवायच्या भानगडीत पडू नका. आज संध्याकाळी काढून टाका. खालची फरशी डागाळलेली दिसेल. दिसू द्या.