फोनचं शुद्धीकरण

वर्षभर रूट करून मिरवलेल्या फोनचा स्पीकर मुका झाला, की वॉरंटी वाचवायला घाटकोपरचा घरगुती हॅकर रात्र जागून त्यात मूळ सॉफ्टवेअर भरतो, बूटलोडर लॉक करतो. सकाळी अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरात चेहरा असा, की सेटिंग्ज कुठे असतात तेही ठाऊक नसावं. ‘मी काही नाही केलं हो, आपोआप झालं.’ लोकलमधल्या धुळीने बुजलेल्या स्पीकरचा रूट करण्याशी काडीचा संबंध नाही. पण ते काउंटरवर पटवणार कोण?

सॅमसंगच्या गॅलक्सीत तर नॉक्सचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज. परकं सॉफ्टवेअर चढलं की ०चा १ होतो. मग कितीही सोवळं नेसवा, १ हलत नाही.

आणि हो, बॅकअप आधी घ्या. बूटलोडर लॉक करताना लग्नाचे फोटोही पुसले जातात.