चला, सोडतो

गावात काही माणसं हातउसने पैसे देतात, काही नुसतेच सल्ले देतात आणि एखादाच असतो जो सोडतो. स्टँडवर सोडतो, दवाखान्यात सोडतो, परीक्षेच्या केंद्रावर सोडतो, रुसून माहेरी निघालेल्या सुनेलाही सोडतो आणि चार दिवसांनी बिनबोभाट परत आणतो. आमच्या वाईत हे खातं अण्णांकडे आहे. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, हिरो आणि होंडा एकत्र नांदत होते त्या काळातली काळी स्प्लेंडर बाळगून असलेले अण्णा कुणाच्या हातात पिशवी दिसली की म्हणतात, "चला, सोडतो."

परगावच्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. वाईकर आधी घड्याळ बघतो.

कारण अण्णांच्या गाडीवर आपण बसत नाही, आपल्याला बसवून घेतलं जातं. सुरुवात हवेपासून. मागच्या टायरच्या हवेचे दोन आकडे असतात, एक एकट्याचा आणि एक डबलसीटचा, आणि ते गाडीवरच्या स्टिकरवर छापलेले असतात. ते स्टिकर वाचलेला माझ्या माहितीतला हा एकमेव माणूस. मग ते आपल्याला खालून वर न्याहाळतात आणि विचारतात, "किलो किती?" बायकांना विचारत नाहीत, तेवढी रीत त्यांना कळते. नजरेनंच अंदाज घेऊन पाना काढतात आणि मागचा शॉकॲब्सॉर्बर एक खाच चढवतात. आमच्या गल्लीतल्या एका काकूंसाठी त्यांनी भर चौकात दोन खाचा चढवल्या. तेव्हापासून त्या काकू रिक्षानं जातात.

पुढचा अडसर हेल्मेटचा. अण्णांकडे मागच्यासाठी वेगळं हेल्मेट असतं, आणि त्यावर आयएस ४१५१ हा आकडा आहे की नाही हे त्यांनी दुकानदाराला भिंग लावून दाखवायला लावलं होतं म्हणतात. "स्टँडपर्यंत तर जायचंय, कशाला?" असं कुणी म्हटलं की अण्णा कलम १२९ सांगतात. "आंबाड्यावर बसत नाही हो," असं एखाद्या वहिनी म्हणाल्या की "मग आंबाडा पिशवीत ठेवा," असं सांगतात. नवीन लग्न झालेलं जोडपं त्यांच्याकडे एकदाच येतं. दोघांनाही एका खेपेत सोडा म्हणाले की कलम १२८ निघतं. चालवणाऱ्याशिवाय आणखी एकच माणूस, तोही मागच्या पक्क्या सीटवर, आणि हे १९८८ च्या कायद्यात आहे, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून. मग अण्णा नवऱ्याला स्टँडवर सोडतात आणि बायकोला आणायला परत येतात. तोपर्यंत नवऱ्यानं दोघांची तिकिटं काढून एकट्यानं प्रवासाला सुरुवात केलेली असते.

नेसत्या वस्त्रांवर तर त्यांचा खास डोळा. पदर, ओढणी, उपरणं, स्कार्फ, रेनकोटची नाडी, काहीही लोंबकळताना दिसलं की गाडी हलत नाही. याबाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. मागच्या चाकात ओढणी गेली की ती सुटत नाही, गुंडाळली जाते, आणि ज्यानं ते एकदा पाहिलंय तो पुन्हा त्यावर विनोद करत नाही. म्हणून तर डाव्या बाजूला साडीगार्ड, पाय ठेवायला पट्टी आणि धरायला दांडा हवाच असं नियमात लिहून ठेवलंय. आजकालची पोरं 'लुक जातो' म्हणून साडीगार्ड काढून टाकतात. अण्णा अशा गाड्यांकडे बघतसुद्धा नाहीत.

एवढं झालं की किक. मग "बसलात?" याचं उत्तर तोंडानं द्यावं लागतं. "मान हलवलेली माझ्या पाठीला दिसत नाही," असं त्यांचं म्हणणं.

गाडी चालू असताना अण्णा बोलत नाहीत, बोलू देत नाहीत. काही सांगायचंच असेल तर खांद्यावर थाप द्यायची. एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब. ही सोय एकदा अंगाशी आली. मागे बसलेले गृहस्थ सवयीचे बोलघेवडे, आणि प्रत्येक किश्शाच्या शेवटी समोरच्याला टाळी द्यायची त्यांना खोड. समोर अण्णांचा खांदाच होता. मेणवलीहून वाईला येईपर्यंत अण्णा प्रत्येक विनोदाला गाडी बाजूला घेऊन थांबले, इंडिकेटर देऊन.

या सगळ्या जाचामागे एक सिद्धांत आहे, आणि तो खोटा नाही. गाडी दोघं चालवतात, असं अण्णा म्हणतात. पुढचा हँडलनं, मागचा अंगानं. वळणावर गाडी कलते तेव्हा मागचा घाबरून उलट्या बाजूला झुकतो, म्हणजे पुढच्यानं डावीकडे नेलेली गाडी तो पाठीमागून उजवीकडे नेत असतो. ब्रेक लागला की सगळं वजन पुढं सरकतं, मागचा दांडा धरून बसला नसेल तर पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो, हेल्मेटवर हेल्मेट. सिग्नलला मदत म्हणून मागचा पाय खाली टेकवतो आणि तोल घालवतो. म्हणून अण्णांच्या मते आजवरचा सर्वांत शहाणा पॅसेंजर म्हणजे तांदळाचं पोतं. वळणावर गाडीबरोबर कलतं, खड्ड्यावर ओरडत नाही, उतरताना घाई करत नाही आणि पावसात डोक्यावर छत्री उघडत नाही. शेवटचा मुद्दा वाईच्या पावसाळ्यात फार महत्त्वाचा. चालत्या गाडीवर मागच्यानं उघडलेली छत्री वाऱ्यानं भरली की मागचा मागे राहायला बघतो आणि गाडी पुढे.

अण्णांना खरं ओळखायचं असेल तर पसरणीच्या घाटात त्यांच्या मागे बसावं. चढताना मागच्याच्या वजनानं पुढचं चाक हलकं होतं, म्हणून "पुढं सरका, लाजू नका." एरवी कुणाच्या सावलीलाही न खेटणारा माणूस घाटात जवळीक मागतो. उतरताना दुसरा गिअर, इंजिनाच्या जोरावर, दोन्ही ब्रेक थोडे थोडे. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून पाचगणीहून वाईपर्यंत घरंगळत येणारे बहाद्दर शेजारून सुसाट निघून जातात. अण्णा त्यांना शिव्या देत नाहीत. फक्त पुढच्या वळणावर मान थोडी लांब करून दरीकडे बघतात.

उसाच्या हंगामात मात्र हा माणूस संध्याकाळनंतर कुणालाच सोडत नाही. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागे धड दिवा नाही, बाजूंनी ऊस बाहेर आलेला, रस्त्यावर पाचट सांडलेलं. "एकटा असतो तर गेलो असतो," म्हणतात. ते एकटेही जात नाहीत हे आम्हाला माहीत आहे, पण वाक्य ऐकायला बरं वाटतं.

लहान मुलांच्या बाबतीत त्यांना नियमानं उशिरा गाठलं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला पट्ट्यानं बांधायचं, लहान हेल्मेट घालायचं आणि चाळीसच्या वर जायचं नाही, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. अण्णा चाळीसच्या वर कधी गेलेच नव्हते. सरकारनं आपली पद्धत मान्य केली, असाच त्यांनी त्याचा अर्थ लावला.

एवढं असून लोक त्यांच्या गाडीवर बसतातच. काकूंनी रिक्षा पकडली तरी नातवाला अण्णांबरोबरच पाठवतात. एसटी चुकते, पण पुढची मिळते, असा हिशेब त्यामागे असावा.

गेल्या दिवाळीत पुण्याहून पुतण्या नवी कोरी गाडी घेऊन आला. मागची सीट टाकीपेक्षा उंच, रुंदीला वीतभर, धरायला दांडा नाही. अण्णांनी चारी बाजूंनी पाहणी केली आणि मोजणीदाराच्या आवाजात निकाल दिला, "ही सीट नाही. पोटखराबा आहे." तरी पोराचं मन मोडायला नको म्हणून बसले. पुढचा वृत्तांत पुतण्यानंच सांगितला. गाडी सुरू झाल्यापासून काकांचा उजवा पाय हवेत नसलेला ब्रेक दाबत होता. कानाशी धावतं वर्णन सुरू होतं: "पुढं कुत्रं. बसलेलं आहे, पण उठेल. टेम्पोचं दार उघडं. ती बाई रस्ता ओलांडणार आहे, अजून तिला माहीत नाही." मैलभरात पुतण्या घामाघूम झाला. त्यानं गाडी कडेला घेतली. "काका, तुम्हीच चालवा."

अण्णा पुढे बसले. टाचा अधांतरी, नुसते अंगठे टेकले. ज्याचे पाय जमिनीला पुरत नाहीत त्यानं डबलसीट न्यायची नाही, हा नियम त्यांचाच. ते मुकाट्यानं उतरले आणि येणाऱ्या गाड्या समोरून दिसाव्यात म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं पायी चालू लागले. पुतण्या रस्त्याच्या डावीकडून, त्यांना सोबत म्हणून पहिल्या गिअरमध्ये.

"आता बरोबर वेग आहे," पलीकडून अण्णा ओरडले.