गाडीतला घुमारा कसा शोधावा : नवशिक्यांसाठी धडे

पिंपळगाव राजात किंवा आसपास राहणाऱ्या, चारचाकी बाळगणाऱ्या आणि त्या चारचाकीत घरची माणसं बसवणं भाग असलेल्या सर्व नवशिक्यांसाठी हे धडे आहेत. गॅरेजचा अनुभव लागत नाही. अनुभवी माणूस सवयीनं आधी बॉनेट उघडतो, आणि बॉनेटमध्ये डोकं घालून घुमारा ऐकू येत नाही. तो ऐकायला काचा लावून आत बसावं लागतं.

आधी रोगी ओळखा. खडखड, किरकिर, टकटक ही वेगळी बिऱ्हाडं. त्यांचा पत्ता निदान कानाला लागतो. घुमारा कानापेक्षा छातीत जास्त बसतो. गाडी एका ठरावीक वेगावर आली की ‘घूंऽऽ’ सुरू होतं, दहा किलोमीटरनं वेग वाढवला की विरतं. मालक याचं वर्णन साधारण असं करतो : “दादा, आवाज तं येते, पन कुठून येते थे समजून नाई रायलं.” या वाक्याला हसू नका. पन्नास हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते आणि माणसाच्या दोन कानांत अंतर वीतभर. दोन्ही कानांवर ती जवळपास सारखीच येऊन आदळते, त्यामुळे दिशा कळायला मेंदूला आधारच उरत नाही. म्हणून जो पाहुणा छातीठोकपणे “मागच्या डाव्या चाकात हाय” म्हणतो, त्याला चहा द्या, पाना देऊ नका.

आवाज मोबाइलवर टिपून हिंजवडीतल्या इंजिनिअर भाच्याला पाठवण्याचा मोह होईल. पाठवा, संबंध टिकतात. पण मोबाइलच्या टीचभर स्पीकरमधून इतका खर्जातला आवाज निघतच नाही. भाचा म्हणणार, “मामा, मला तर काहीच ऐकू येत नाही.”

आता मुख्य धडा : मागे कोण बसतं?

बहुतेक घरांत मालक चालवतो, शेजारी वडीलधारा पुरुष, आणि मागे आई, सासू, बायको, पोरं आणि डबे. घुमाऱ्याची तक्रार नेहमी मागून येते आणि पुढून एकच उत्तर जातं : “तुले भास होते.” इथे भौतिकशास्त्र सासूच्या बाजूनं उभं आहे. पुढच्या काचेपासून डिक्कीच्या दारापर्यंत सुमारे अडीच मीटर हवा कोंडलेली असते. आवाजाचा वेग सेकंदाला 340 मीटर धरला, तर या कोंडलेल्या हवेला सत्तर हर्ट्झच्या आसपासचा सूर फार मानवतो. तेवढी कंपनं मिळाली की ती झुलायला लागते. अशा झुलण्यात हवेचा दाब दोन्ही टोकांना सर्वांत जास्त आणि मध्यावर सर्वांत कमी असतो. चालवणाऱ्याचं डोकं मध्याजवळ, मागच्या सीटवरचं डोकं मागच्या काचेला टेकलेलं. एकाच गाडीत, एकाच क्षणी एकाला काही नाही आणि दुसरीचं डोकं उठलेलं, हे दोन्ही खरं असतं. नवशिक्यानं पहिलं काम हेच करावं : गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि स्वतः मागे बसावं. बहुतेक जण इथेच धडे सोडून देतात.

सेकंदाला ही सत्तर कंपनं पुरवतो कोण? बहुधा इंजिनच. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात. 2100 फेऱ्यांवर म्हणजे मिनिटाला 4200 स्फोट, सेकंदाला बरोबर सत्तर. तीन सिलिंडरवाल्याला तिथे पोचायला 2800 फेऱ्या लागतात. म्हणून शेजाऱ्याची गाडी अमुक वेगाला घुमते म्हणून तुमचीही तिथेच घुमेल, असं नाही.

परीक्षा सोपी आहे. नांदुऱ्याकडे जाऊन महामार्ग 53 वर या. मोकळा रस्ता आणि मागचा आरसा रिकामा बघून घुमणारा वेग पकडा, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि इंजिनच्या फेऱ्या खाली येऊ द्या. चावी मात्र बंद करू नका. स्टीअरिंग जड होतं, ब्रेकही दगड होतो, आणि नांदुऱ्याच्या 105 फुटी हनुमानाच्या मूर्तीसमोर असा प्रयोग करणं हा भक्तीचा गैरवापर आहे. घुमारा गेला तर दोष इंजिनाच्या बाजूचा. तसाच राहिला तर चाकांकडचा. मग घरी अंगणात उभ्या गाडीला हळूहळू रेस देऊन खात्री करा. त्याच फेऱ्यांवर उभ्या गाडीतही घुमलं, तर इंजिनच्या फाउंडेशनचं रबर बसलंय का आणि सायलेन्सर टांगलेलं रबर तुटून पाइप पत्र्याला टेकलाय का, एवढं बघायला सांगा. रबर स्वस्त असतं. ते शोधायला लागलेला वेळ महाग असतो.

चाकांच्या बाजूला आपल्याकडे एक खास वऱ्हाडी कारण आहे. पावसाळ्यात शेतातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आत काळी माती चिकटते आणि वाळून विटेसारखी होते. चाकाचा तोल जातो. पण ताशी नव्वदला चाक सेकंदाला तेराएक फेऱ्या मारतं. त्यामुळे स्टीअरिंग थरथरतं, घुमत नाही. बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी खुरपं घ्या. बेअरिंग गेलं असेल तर मात्र वेगाबरोबर चढत जाणारी गुरगुर येते. उजवीकडच्या वळणावर वाढली तर डावं बेअरिंग बघा, कारण भार तिकडे जातो. यात टाळाटाळ नको. सासूची तक्रार सहा महिने टाळता येते, बेअरिंगची नाही.

घुमाऱ्याचा दोष रस्त्यावर ढकलून मोकळं होण्याची जुनी सोय आता उरलेली नाही. याच महामार्गावर अकोला-अमरावतीच्या बाजूला जून 2022 मध्ये 75 किलोमीटरची डांबरी लेन 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. अशा रस्त्यावर दोष द्यायला गाडीच उरते. समृद्धी महामार्गाचं काँक्रीट तेवढं अपवाद. तिथे टायर आपला वेगळा सूर लावतात आणि एकच वेग तासभर धरता येत असल्यानं घुमाराही तासभर मुक्काम करतो.

मागची एकच काच उघडल्यावर कानाचे पडदे फडफडवणारा ‘धबधबधब’ हा रोगच नव्हे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जे होतं तेच. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात ते गणितात बसवलं. पुढच्या दाराची काच चार बोटं खाली करा. फी शून्य.

डिक्कीचं दार इथे शेवटी आलंय, खरं तर ते आधी तपासायला हवं. त्याचे रबरी गट्टू झिजले की तो भला मोठा पत्रा सैल राहतो आणि आतली हवा हलवत बसतो. गावठी चाचणी : डिक्कीत तुरीचं पोतं ठेवून दाराला आतून टेकवा. घुमारा थांबला तर निदान झालं. मग गट्टू फिरवून दार घट्ट करा आणि पोतं काढा. दुसरी सूचना बरेच जण विसरतात आणि वर्षभर तूर फिरवतात.

राहता राहिलं बिल. मालकाला आकडा सांगण्याआधी त्याला मागच्या सीटवर मध्ये बसवा, आईला पुढे घ्या आणि खामगावपर्यंत त्याच वेगानं चक्कर मारून आणा. खर्चाला मंजुरी खामगाव यायच्या आधीच मिळते.